फजच्या कृतीतून गाळलेली ओळ

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, पुस्तकबांधणीच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी सकाळीच दिला. जीव घाबरा झाल्याचा दाखला त्यांनी दिला नाही. तो मीच देते. परवा, गुरुवारी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. "काळजीचं काही नाही," असे डॉक्टर तीनदा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर विश्वास बसला असता.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान. शेगडीचे डावे बटण बंद केले तरी बंद झाल्यासारखे वाटत नाही. ते झालेले असते. मी चार वेळा उठून पाहते, तुम्ही एकदा पाहा.

२. बँकेतली शिल्लक दोघांत निम्मी. मुलाने बहिणीशी हुज्जत घालू नये. लहानपणी त्याने तिची रंगपेटी लपवली होती, ती अजून सापडलेली नाही.

३. माझे दाबयंत्र, दोन्ही सुऱ्या आणि घड्या दाबायची हाडाची पट्टी कारखान्यात बावीस वर्षे माझ्या शेजारी बसलेल्या शिवणवालीला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना काहीही नाही. त्यांच्या कुंड्यांचे पाणी माझ्या वाळत्या कपड्यांवर पडते, हे त्यांनी आजवर कबूल केलेले नाही.

४. चॉकलेट फजची कृती. ही सासूबाईंची. त्यांनी ती मला शिकवली आणि बजावले, "धाकटी आली की तिला तू शिकव." धाकटी जाऊ आली, नर्स होती, हसरी होती, आणि महिन्याभरात सासूबाई दर वाक्यात तिचेच नाव घेऊ लागल्या. तिने कृती मागितली तेव्हा मी ती सुवाच्य अक्षरात लिहून दिली. एक ओळ गाळली. चुकून नव्हे.

सासूबाईंच्या पंचाहत्तरीला तिने फज केला. वाळूसारखा रवाळ झाला. सगळ्यांसमोर सासूबाईंनी तुकडा बशीत परत ठेवला आणि म्हणाल्या, "थोरलीच्या हाताची सर नाही." मी बशा गोळा केल्या. मला बरे वाटले, हेही लिहिते. धाकटीने त्यानंतर पाहुण्यांसाठी काही रांधले नाही. "माझ्या हाताला चव नाही," असे ती एकतीस वर्षे हसत सांगते, आणि दर वेळी मी विषय बदलते.

आधीच्या मसुद्यात हे कलम असे होते: माझ्या पश्चात धाकटीला ती ओळ लिहिलेले बंद पाकीट द्यावे. वकीलबाईंनी वाचून चष्मा काढला. "तुम्ही गेल्यावर त्यांनी भांडायचं कोणाशी?"

दोन दिवस मी ते पाकीट उघडून पुन्हा चिकटवत राहिले. शेवटी काल दुपारी धाकटीला बोलावले. दारातच सांगितले, बसल्यावर धीर झाला नसता. तिने चपला काढून नीट जोडून ठेवल्या.

"कुठली ओळ, ताई?"

"आचेवरून उतरवल्यावर ढवळायचं नाही. पातेल्याच्या बुडाला तळहात टेकवता येईपर्यंत हात लावायचा नाही. मग घोटायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती आत गेली आणि तिने साखर, दूध, कोको काढून पातेल्यात घातले. उकळी आल्यावर थेंब गार पाण्यात सोडून मऊ गोळी होते का पाहिले. गोळी झाली, तसे तिने पातेले उतरवले, वर लोणी टाकले आणि आम्ही दोघी समोरासमोर बसलो. पाऊण तास. माझी छाती धडधडत होती. झडपेमुळे की कशामुळे, कळेना. मध्येच ती सासूबाईंबद्दल म्हणाली, "आई आजारी होत्या तेव्हा त्यांनी फज मागितला होता. मी केला नाही. तुम्हाला बोलवू म्हटलं, आणि तुम्ही यायच्या आधीच त्या गेल्या."

हे मला ठाऊक नव्हते. मी माफी मागितली. तिने पातेल्याच्या बुडाला तळहात लावला, चमचा घेतला आणि तकाकी जाईपर्यंत घोटत राहिली. ताटात थापलेला फज लोण्यासारखा गुळगुळीत झाला. तिने एक तुकडा खाल्ला, रडली, आणि अख्खे ताट फडक्यात बांधून निघाली. मला तुकडा दिला नाही. माफ केले असेही म्हणाली नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सबब, पूर्ण कृती व ते पातेले धाकटीचे. तिने कोणाला शिकवावी, न शिकवावी, तिची मर्जी.

५. धाकटीने माझ्यावर रागावून राहणे हा तिचा हक्क आहे. तो मी मुदतीशिवाय मान्य करते. मी गेल्यावर "आता तरी विसरा" असे तिला कोणीही सांगू नये. माझ्या मुलांनी तर मुळीच नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: थोरली
ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: मंगळवार, शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी

त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सही केली:
१. तपासणारे डॉक्टर
२. तळमजल्यावरचे शिंपीकाका