दुसऱ्या कंपनीचा लॅपटॉप

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. चार वर्षं ज्या बापाने तुझ्याशी चकार शब्द काढला नाही, तो एकदम पत्र काय लिहितो! घाबरू नकोस. आई मंगळवारी न्हाणीघरात घसरली, डाव्या घोट्याच्या हाडाला बारीक चीर आहे, सहा आठवडे प्लास्टर. जुळेल म्हणाले डॉक्टर. तोंडाचा पट्टा शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

छापखाना चालू आहे. औषधांची लेबलं, शाळेच्या वह्या, भेटकार्डं. मांडणी अजून आमच्याच कंपनीच्या कॉम्प्युटरवर. आमची कंपनी! मी त्यांचं नुसतं गिऱ्हाईक, तिथला शिपाईसुद्धा मला ओळखत नाही, पण मी आपला जन्मभर आमची आमची करत आलो. छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपले, हाताला काम उरलं नाही, तेव्हा त्या कॉम्प्युटरने मला पुन्हा उभं केलं. उपकार मानावेत, इथवर ठीक होतं. मी भक्तीच सुरू केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा भक्तांचं मंडळ अजून जमतं, मी, दातांचे डॉक्टर आणि गाण्याचे मास्तर. नवं मॉडेल आलं की खोकं उघडण्याआधी डॉक्टर साबणाने हात धुऊन येतात. लहानपणी तू दाराआडून विचारायचीस, आज कुणाच्या अंगात येणार? मला राग यायचा, कारण तुझं खरं होतं. एकदा ऐन घाईत तो कॉम्प्युटर बंद पडला, शाळेचं सगळं काम उडालं, आणि मी हेडबाईंना सांगितलं की माझ्याच हातून पुसलं गेलं. कंपनीवर आळ नको! घरात मीठ कमी पडलं तर तुझ्या आईला बोललोय, पण त्या कॉम्प्युटरला कधी ब्र नाही.

आणि तुला नोकरी लागली ती नेमकी त्या दुसऱ्या, आमच्या कंपनीशी टक्कर घेणाऱ्या कंपनीत. मंडळात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं वाटलं मला. म्हणजे काय मूर्खपणा बघ! पहिल्या पगारातून तू आईसाठी त्यांचा लॅपटॉप आणलास, आणि मी ते खोकं उचलून जिन्यात नेऊन ठेवलं. हे या घरात राहणार नाही, म्हणालो. तू म्हणालीस, मग मीही नाही. तेव्हा तुझा हात धरायला हवा होता. मी पेपर उघडला. रविवारी डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी खोकं जिन्यातून गायब. कुणी तरी नेलं, बरं झालं, ब्याद टळली, म्हटलं. त्यानंतर तुझी आई दर बुधवारी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या मावशींकडे शिवण शिकायला जायला लागली. चार वर्षं, ठकू! चार वर्षांत घरात उशीचा एक अभ्रा शिवून आला नाही, आणि या शहाण्याला शंका आली नाही. मुलगी झाली तुला, हे तिने सांगितलं तेव्हा बरं म्हणालो आणि जेवत राहिलो.

गेल्या बुधवारी तिला जिना चढता येईना. साडेतीनपासून घड्याळाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, अहो, वर जाऊन मावशींना एवढंच सांगा, आज कणकण आहे, येत नाही. आणि लगेच या खाली. मी गेलो. दार उघडंच होतं. शिवलेले झगे दोरीवर टांगलेले, त्यांच्यापाशी पोचलो तोच पलीकडून तुझा आवाज आला. झग्यांच्या फटीतून बघितलं, तर मी जिन्यात ठेवलेला तोच लॅपटॉप. केस कापलेस तू. बरे दिसतात. मांडीवर ती. आजी कुठंय विचारत होती, पडद्यात डोकावून शोधत होती. हसली की उजव्या गालाला खळी पडते तिच्या, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलंच नव्हतं ना मी! दोन पावलं टाकली असती तर तुम्हाला दिसलो असतो. मी झग्यांच्या आड उभा राहिलो. मावशींनी मला पाहिलं, झग्यांपाशी आल्या, मी कुजबुजत निरोप दिला, आणि बिचाऱ्यांनी माझं नाव न घेता कणकणीचं तुला सांगून टाकलं. तू फोन ठेवेपर्यंत मी तिथेच होतो.

म्हणून हे पत्र. काल वर जाऊन मावशींकडे तो लॅपटॉप मागितला. खाली आणून आईच्या पलंगापाशी टेबलावर ठेवलाय. ती भिंतीकडे तोंड करून रडली. पत्र मिळालं की येत्या बुधवारी चार वाजता नेहमीसारखा फोन कर. मी चुकलो, ठकू. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर खुशाल आईशीच बोल. मी खुर्ची पडद्यात न दिसेल इतकी बाजूला घेऊन बसेन, हूं की चूं करणार नाही, तुमचे आवाज ऐकेन. पण तुझं मन झालंच, तर छोटीला एवढंच सांग, की आजीच्या शेजारी आजोबा बसलेत. तिने हाक मारली की मी खुर्ची सरकवेन.

तुझाच,
बुधवारची वाट बघणारा
बाबा