वळणाशी थांबणारी मोटर

१० फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

काका,

‘तीर्थरूप’ लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही एकदा म्हणाला होतात, पत्रावर तीर्थरूप दिसलं की आंघोळ करून मगच वाचावंसं वाटतं. म्हणून नुसतं काका. नमस्कार आहेच, वाकून.

आम्ही बरे आहोत. अण्णांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना नाही. ते म्हणतात ग्रीस संपलंय. यांची बदली यंदाही टळली. माझं कॉलेज आणि पेपर तपासणं चालू आहे. रोज रात्री दोन ओळी लिहायची खोडही गेलेली नाही.

धाकटीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, “बाबा फेब्रुवारीअखेर घर बंद करून माझ्याकडेच येतायत, कायमचे.” तुमच्या मुलीला वाटलं असावं की आम्हाला ठाऊक आहे. मी फोन ठेवून अण्णांना सांगितलं. ते पेपर वाचत होते. बराच वेळ तेच पान वाचत राहिले. मग म्हणाले, “आता होडी पाण्यात घालायला पाहिजे.”

होडीचं तुम्हाला कोण सांगणार? अण्णांनी होडी केली आहे. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दोन हिवाळे खपून, एकट्यानं. कोणी विचारलं तर “वेळ जात नाही” म्हणायचे. आता कळतंय की ती तुमच्याकडे येण्यासाठी होती. पूल झाल्यापासून बसनं तासाभरात तुमच्या दारात उतरता येतं, हे मी त्यांना सांगून पाहिलं. “बसनं पाहुणा जातो,” म्हणाले. “मी काय पाहुणा आहे?”

तर बेत असा, की तुम्ही जायच्या आत त्यांनी स्वतःच्या होडीतून, स्वतः मोटर चालवत, तुमच्या धक्क्याला लागायचं. आत्तापर्यंत तीनदा निघालो आणि तीनदा परत आलो. हे पत्र त्याबद्दल आहे. म्हणजे मोटरबद्दल.

आधी होडीबद्दल लिहिते, कारण ते सोपं आहे. लांबीला आपल्या जुन्या होडीपेक्षा हातभर कमी. प्लायवूडची, आतून बाहेरून रंग दिलेली. रंग स्वयंपाकघराच्या खिडक्यांचा उरलेला, त्यामुळे आमच्या घराचा एक तुकडा पाण्यात गेल्यासारखा दिसतो. तळ एका बाजूनं किंचित फुगला आहे आणि ती डावीकडे कलते. अण्णा उजवीकडे बसतात म्हणून सरळ दिसते. सांध्यांच्या फटी बुजवायला इतकं लुकण भरलंय की हे म्हणाले, “अण्णा, ही लाकडाची आहे की लुकणाची?” अण्णा म्हणाले, “लाकूड मला कुठं येतं? लाकूड त्याचं.” तुमचं नाव या घरात असंच निघतं, काका. ‘तो’, ‘त्याचं’. आणि तो कोण हे कोणीही विचारत नाही.

लाकूड तुमचं, लोखंड अण्णांचं. आपली पहिली होडी तशीच तर झाली. तुम्ही दोघं भाऊ तेव्हा याच घरात राहत होतात, आणि अंगणभर भुसा असायचा. काकू म्हणायची, जेवणातसुद्धा रंध्याची चव येते. तुम्ही फळी वाकवायला उकळतं पाणी ओतायचात, अण्णा जुन्या पंपाचं इंजिन उघडून त्याच्याशी हळू आवाजात बोलत बसायचे. मला पुढच्या टोकाला बसवून हातात डबा दिला होता, आत आलेलं पाणी उपसायला. मला वाटायचं मी नसते तर आपण बुडालो असतो. तुम्ही तो समज कधी मोडला नाहीत. तुम्ही इंजिनाच्या वर आवाज काढून गायचात, आणि अण्णा म्हणायचे, “त्यापेक्षा इंजिन बरं, निदान सुरात आहे.” काठावर काकू ओला टॉवेल हलवून परत बोलवायची. तो टॉवेल दिसला की तुम्ही दोघं एकदम शहाणे व्हायचात.

मला ते दिवस जसे होते तसे आठवतात की मीच ते घासूनपुसून ठेवलेत, हे आता सांगता येत नाही. पण टॉवेल खरा आहे. निळा होता.

आता मोटर. लहानशीच आहे, होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, दोरी ओढून चालू करायची. पेट्रोलची टाकी तिच्याच डोक्यावर. अण्णांनी कुणाची तरी मोडीत निघालेली आणून तिचा स्क्रू न् स्क्रू नवा केला. अंगणात पाण्याच्या पिंपात लावून चालवून पाहिली तेव्हा तासभर एका लयीत चालली. शेजारचे येऊन बघून गेले, कटकट करायला आलेलेसुद्धा.

पहिल्या रविवारी निघालो. अण्णा मागे मोटरीशी, मी त्यांच्यासमोर. पाणी संथ होतं, ऊन कोवळं. नदीच्या वळणापर्यंत झकास गेलो. तुमच्या बाजूचा दगडी बांध पाण्यात आत आलाय, त्याच्या टोकाशी मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली. अण्णांनी दोरी ओढली, नाही. मी पेट्रोल बघायला टाकीचं झाकण उघडलं, तर सुस्स असा बारीक आवाज आला. टाकी अर्धी भरलेली. झाकण लावलं, पुन्हा दोरी ओढली, चालू. “आज नको,” अण्णा म्हणाले. “मोटरीचा भरवसा नाही.” होडी वळवली. घरापर्यंत ती एकदाही खोकली नाही.

“घरच्या वाटेला लागलेला बैल,” हे म्हणाले.

आठवडाभर आम्ही प्लग बदलला, पेट्रोल गाळून घेतलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा वळण, पुन्हा बांधाचं टोक, पुन्हा दोन खोकले. परतीला मोटर पुन्हा फुलपाखरासारखी हलकी. मग अण्णांनी कार्ब्युरेटर उघडला, त्याचं भोक तारेनं नाही, फुंकरीनं साफ केलं, तारेनं भोक मोठं होतं म्हणे. त्या दिवशी ते फार खुशीत होते. मला एकेक भाग हातात देऊन नाव सांगत होते. “तुला हे शिकवायला हवं होतं. कॉलेजात काय शिकलीस तू?” मी म्हटलं, “खोकला ओळखायला.” हसले. किती दिवसांनी मोठ्यानं हसले, काका.

परवाच्या रविवारी तिसऱ्यांदा गेलो. आणि हे लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार करते आहे.

टाकीच्या झाकणावर एक छोटा स्क्रू असतो, हवेचा. मोटर चालवताना तो सैल ठेवायचा. तो घट्ट केला की टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही, आणि मोटर थोडा वेळ चालून गुदमरते. झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत जाते आणि ती पुन्हा सुरू होते. वळण यायच्या बरंच आधी अण्णांचा डावा हात मागे गेला. नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे होती, आणि अंगठा नि बोट झाकणावर फिरत होते. मग हात पुन्हा मांडीवर. मग बांधाचं टोक, जिथून तुमचा धक्का आणि तुमच्या सुतारकामाच्या कारखान्याचं लाल छप्पर पहिल्यांदा दिसतं. मग दोन खोकले.

मला वाटलं, मी चुकीचं पाहिलं असेल. स्क्रू सैल आहे ना हे ते चाचपत असतील. माणसाबद्दल असं मनात आणण्याआधी खात्री करावी. म्हणून काल ते दुपारी झोपले असताना मी मोटर पिंपात लावली, स्क्रू घट्ट केला आणि चालू केली. थोडा वेळ चालली, दोनदा खोकली आणि बंद पडली. अगदी तसाच खोकला.

मागे वळले तर अण्णा दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. ते पायऱ्या उतरून आले, माझ्याकडे न बघता झाकणावरचा स्क्रू बोटानं सैल केला. म्हणाले, “पिंपातलं पाणी बदल. तेलकट झालंय.” आणि आत जाता जाता, “चहा टाक.”

जन्मभर फिटर असलेला माणूस आहे. कुठे स्क्रू आवळला की कुठे मोटर थांबेल, हे त्यांनी मोजलेलं असणार; परतताना तो सैलही करत असणार. दोन हिवाळे खपून होडी करायची आणि तुमचं छप्पर दिसलं की तिचा श्वास कोंडायचा. मला आधी राग आला. मग ते इतकं ओळखीचं वाटलं की राग टिकला नाही.

काकू गेली त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. आम्ही दोघं आलो, अण्णा आले नाहीत. तुम्ही दारात मला एवढंच म्हणालात, “त्याला सांग, आता घाई नाही.” मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर तुमच्या दोघांमध्ये शब्द नाही.

तुम्हाला वाटतं त्यांना यावंसं वाटलं नाही. तसं नव्हतं, काका. त्या सकाळी आमच्या आधी ते एकटेच निघाले होते. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये बसून पुलापर्यंत गेले, पुलाच्या अलीकडे उतरले आणि चालत परत आले. मला कंडक्टरनं नंतर सांगितलं. तो अण्णांना ओळखतो. खूप दिवसांनी मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, “काय बोलणार होतो मी त्याला?” एवढंच. हे त्यांचं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते आहे, त्यांना न विचारता. हे बरोबर आहे का, मला खरंच ठरवता येत नाही. पण महिनाअखेरीनंतर ते ठरवून उपयोग नाही.

तर मोटरीत काही बिघाड नाही. ती उत्तम आहे.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा निघू. मी त्यांचा हात धरणार नाही, स्क्रूकडे बघणारही नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पकडून आणल्यासारखं तुमच्या दारात उभं करायचं, हे मला जमणार नाही आणि तुम्हालाही आवडणार नाही. मोटर बांधाच्या टोकाशी थांबेल. साधारण नऊ वाजता. तो बांध तुमच्या कारखान्याच्या मागून चालत येता येईल असा आहे, मी पाण्यातून पाहिलं. शेवटचे दगड तेवढे जपून. वारा बहुधा तुमच्या बाजूला वाहतो, त्यामुळे बंद पडलेली होडी त्याच दिशेनं सरकते.

तुम्ही काही बोलायला हवं असं नाही. त्यांच्यासाठी काही विसरा असंही म्हणत नाही. ते मागायचा अधिकार मला नाही. तुम्ही आला नाहीत तर आम्ही परत जाऊ, मोटर घरापर्यंत छान चालेल, आणि या पत्राबद्दल त्यांना कधीच कळणार नाही.

पण तुम्ही तिथे असलात, तर होडीच्या पुढच्या टोकाला मी बसलेली असेन आणि तुमच्या दिशेनं दोर फेकेन. माझा नेम चांगला नाही. दोन-तीनदा फेकावा लागेल.

तुमची
पुतणी