जयपूरच्या राजवीरची बोली

प्रिय मन्नू,

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते की सगळे धडधाकट आहेत. तुझे भाऊजी दुकानात बसून चिंचेने समई घासताहेत आणि कुरकुरताहेत, की घरात दोन-दोन फोन असताना ही बाई पत्र कसलं लिहिते. फोनवर तू मीटिंगमध्ये असतोस. मीटिंग नसली तर गाडी चालवत असतोस. आणि दोन्ही नसलं, की मी मुद्द्यावर यायला आणि तुझं नेटवर्क जायला एकच गाठ पडते. पत्र मध्येच कापता येत नाही, हे त्याचं बरं आहे. तेव्हा खुर्चीवर नीट बस, बायको म्हणून टीनाला चहा मागू नकोस, स्वतःचा स्वतः कर, आणि शेवटपर्यंत वाच.

एकोडीला, आपल्या माहेरच्या शेतात, धान कापून झालं. बांधाच्या धुऱ्यावरच्या तुरी पिवळ्याधमक फुलल्या आहेत. नवा तांदूळ आला की तुमच्या वाटणीचा पाठवेन, पण यंदा तो तुला जरा वेगळ्या रीतीने मिळणार आहे, ते पुढे येईलच.

दुकानाचं तुला ठाऊक आहे. भंडाऱ्याची पितळ एकेकाळी कुठे कुठे जायची, आता गावातलंच गिऱ्हाईक आत येऊन स्टीलचा डबा आहे का विचारतं. खेड्यांतून लोक येतात ते जुनी भांडी मोडीत घालायला. कुणाच्या आंदणातली, कुणाच्या आजीचं नाव कोरलेली. ती तराजूत चढली की मी तोंड फिरवून घ्यायची. मागच्या दिवाळीला तू आला होतास तेव्हा तूच म्हणालास, की ही भट्टीत काय घालता, ऑनलाइन लिलावात टाका, शहरात लोक जुन्या पितळेसाठी वेडे झाले आहेत. खातं तू उघडून दिलंस. फोटो कुठल्या उजेडात काढायचा तेही दाखवलंस. आणि नियम घालून दिलेस. ज्याच्या नावापुढे रेटिंगचा एकही तारा नाही त्याची बोली घ्यायची नाही. पैशाचा व्यवहार ॲपच्या बाहेर करायचा नाही. आणि ओटीपी सख्ख्या भावालाही सांगायचा नाही, असं तू म्हणालास, अगदी याच शब्दांत.

मोडीत आलेल्या भांड्याच्या पहिल्याच जाहिरातीत मी घोटाळा केला, आठवतं? लिहिलं होतं, 'पन्नास वर्षांचा जुना गुंड, अंगाने दणकट, बुडाने भक्कम, विकणे आहे.' जन्मभर ज्यात पाणी भरलं त्याला गुंड नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तासाभरात तिकडच्या लोकांची जत्रा जमली. एकाने विचारलं, त्याच्यावर केसेस किती आहेत. दुसरा म्हणाला, आमच्या गल्लीत आधीच दोन आहेत, फुकट घेऊन जा. तुला फोन केला तर तू पोट धरून हसलास. मग एकदम मोठ्या माणसासारखा म्हणालास, की बाई, आपली बोली घरात ठेव, बाहेर लोक हसतात, हंडा लिही. मी हंडा लिहिलं. मला राग आला होता, मन्नू. तेव्हा बोलले नाही, आज बोलते. हंडा वेगळा आणि गुंड वेगळा, हे तुला कुणी शिकवायला नको. पण तू सांगितलंस म्हणून त्या दिवसापासून माझ्या एकाही जाहिरातीत गुंड हा शब्द आला नाही. एवढं लक्षात ठेव.

बाबा धान विकायला यार्डात न्यायचे तेव्हा मी हट्टाने गाडीत बसायची. तू तेव्हा पाळण्यात होतास. धानाच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहायचे, बोली चढत जायची, आणि बाबा ढिगाकडे न पाहता बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचे. म्हणायचे, "बोली लावनाऱ्याचं तोंड पाहून घ्यावं बेटा. ज्याचं तोंड दिसत नाही, त्याची बोली कायची?" आता माझ्या या धंद्यात तोंडच दिसत नाही. कुणी फुलाचा फोटो लावतो, कुणी देवाचा. म्हणून मी आपली एक युक्ती काढली. अनोळखी माणसाने बोली लावली की मी त्याला एकच प्रश्न विचारते, या भांड्यात तुम्ही काय ठेवणार? खरं गिऱ्हाईक सांगतं. कुणी झाड लावणार असतं, कुणी दाराशी छत्र्या ठेवणार असतं. माझ्या वरणाच्या बटलोईत कुणी छत्र्या ठेवाव्यात हे ऐकून तुझे भाऊजी ताटावरून उठले, पण ते खरं गिऱ्हाईक होतं. ठग मात्र उत्तरच देत नाही. त्याला भांडं कसलं आहे हेही ठाऊक नसतं.

एक स्वतःला फौजी म्हणवणारा आला होता. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. परातीला आम्ही मागितलं त्याहून जास्त देतो म्हणाला, आणि चौकटी-चौकटीचं ते चित्र पाठवून म्हणाला, हे स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. मी त्याला आपल्या बोलीतच लिहिलं, "बाबू, पैसे घेयाले कोनी पिन टाकते काय? पिन तं देयाले लागते." त्यावर शिव्या देऊन तो पळाला. मला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

अशांना मी भीत नाही. भीती घातली ती राजवीरने. राजवीर कलेक्शन, जयपूर. एकही तारा नाही, तोंडाच्या जागी उंट. मी प्रश्न विचारला तर इंग्रजीत एकच शब्द आला, डेकोरेशन. तुझ्या नियमाने त्याला तिथेच हाकलायला हवं होतं. पण त्याने सगळ्यांच्या वर बोली लावली, आणि लिलाव संपताच ॲपमधूनच पैसे भरले, चोख. मग म्हणाला, सामान ठेवा, आमची गाडी येईल. गाडी आली नाही. पुन्हा दुसरं भांडं घेतलं, पुन्हा तिसरं. तिन्ही खोकी दुकानाच्या कोपऱ्यात, वर जयपूरचा पत्ता. तुला माहीत आहे, आई कुणाचं भांडं कधी रिकामं परत करायची नाही. मीही प्रत्येक पार्सलात एकोडीच्या तांदळाची पुरचुंडी ठेवते. त्या तिन्ही पुरचुंड्यांना सोंडे लागले, खोक्यातून चालत बाहेर यायला लागले, तरी राजवीरची गाडी येईना.

शेजारचा संघपाल बँकेत आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, माल न नेता पैसे देते, तो काही दानी नसते. उद्या तो पैसा चोरीचा निघाला, तं तुमचंच खातं गोठून जाईन." मन्नू, मी पासबुक घेऊन बसले. खातं दुकानाचं, नाव तुझ्या भाऊजींचं, आणि त्यांनी मापात मारायला उभ्या जन्मात तराजूला बोट लावलेलं नाही. तेव्हा तुला फोन केला होता, आठवतं का बघ. तू म्हणालास, घाबरू नको बाई, असतात असे शौकीन लोक. आणि नेटवर्क गेलं.

त्यानंतर घंगाळाचं प्रकरण झालं. जुनं, जाड, कड्यांचं घंगाळ. सांगलीच्या सुलोचनाबाईंनी बोली लावली. यात काय करणार विचारलं, तर लिहिलं, पहिली नात झाली आहे, तिला यात न्हाऊ घालायचं आहे. मी मनात म्हटलं, घंगाळाने घर शोधलं. तेवढ्यात उंट आला. सुलोचनाबाईंनी थोडं वाढवलं, उंटाने वाढवलं. त्यांनी पुन्हा, त्याने पुन्हा. मग त्या थांबल्या आणि त्यांचा निरोप आला, की ताई, किंमत फुगवायला माणूस बसवला आहे ना तुम्ही, आम्हाला कळतं. त्यांनी तक्रारही केली, आणि लिलाववाल्यांची ताकीद आली, की खुलासा करा, नाहीतर खातं कायमचं बंद. मला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या दुकानाला आजवर कुणी महाग म्हटलं असेल, लबाड म्हटलं नव्हतं. तुझे भाऊजी म्हणाले, त्या उंटाले ब्लॉक कर आन मोकळी हो. मी म्हटलं, नाही. आधी त्याचं तोंड पाहीन.

तोंड पाहिलं. परवा एका पितळी कोपराचा, आपल्या त्या पसरट भांड्याचा, फोटो टाकला. अंगणात काढला होता, आणि मागे ओट्यावर आईचा गुंड चिंच लावून, धुऊन पालथा घातला होता. बुडाच्या ठिगळाचा डाख फोटोत स्पष्ट दिसत होता. तोच डाख. तू लहान असताना दोर हातातून सोडलास, गुंड विहिरीत दगडावर आपटला आणि बूड फाटलं. तू मार खाशील म्हणून तुरीत जाऊन लपला होतास. बाबांनी तुला हातही लावला नाही, दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला येऊन डाख लावून नेला. लोक आईला म्हणायचे, बदलून नवा घे. ती म्हणायची, "डाख हाय म्हनून तं दुरून ओळखू येते, का आपला हाय." तर तो फोटो पडला, आणि दोन मिनिटांत जयपूरहून निरोप आला. इंग्रजी नाही, हिंदी नाही. उंटाच्या तोंडून शब्द आले: "मांगं ठेवला तो गुंड कायले काढला? तो विकू नोको बाई." लगेच मिटवलाही. पण मी वाचला होता.

तर मन्नू, जयपूरमध्ये पाण्याच्या भांड्याला गुंड म्हणतात का रे? आणि तिकडच्या व्यापाऱ्याला 'कायले' आणि 'नोको' कुठल्या शाळेत शिकवतात? पितळेच्या गावात येऊन तुझं पितळ उघडं पडलं. मी आधी खूप हसले, इतकी की तुझे भाऊजी समई टाकून धावत आले. मग खूप संतापले, आणि अजून आहे. मला ठाऊक आहे तू हे का केलंस. दुकान चालत नाही हे तू दिवाळीत पाहिलंस, पैसे पुढे केलेस, मी घेतले नाहीत, म्हणून तू ते उंटावर लादून पाठवलेस. तुझी माया कळते मला. पण त्या मायेपायी मी एका आजीच्या नजरेत चोर ठरले, आणि तुला फोनवर भीती सांगितली तेव्हाही तू खरं सांगितलं नाहीस. मी भांडी विकते, मन्नू, माझी कुणी कीव करावी म्हणून दुकान मांडून बसले नाही. आणि आपली बोली घरात ठेव म्हणणारा तू, बाहेर खोटी बोली लावत फिरलास. आईचा गुंड जातो की काय या धास्तीने खरी बोली आपसूक तोंडात आली, तेवढ्यासाठी तुझं अर्धं माफ.

हे पत्र लिहायचं कारण आता ऐक. घंगाळावरची तुझी बोली मी रद्द केली आहे. तिन्ही भांड्यांचे पैसे उंटाकडे परत पाठवले. सोंड्यांचा तांदूळ कोंबड्यांना घातला. लिलाववाल्यांना खरं ते कळवलं, की खोटी बोली माझ्या भावाची होती, मला माहीत नव्हतं, खातं बंद करायचं तर करा, पण मला लबाड म्हणू नका. सुलोचनाबाईंनाही हेच लिहिलं आणि घंगाळ त्यांच्या पहिल्या बोलीवर रवाना केलं, नव्या तांदळाची पुरचुंडी घालून. त्यांचं उत्तर अजून नाही. येईल किंवा येणार नाही. आजपासून जाहिरातीत मी पुन्हा गुंड लिहिणार आहे, ज्याला हसायचं त्याने हसावं. आईचा गुंड विकायला काढला नव्हता आणि काढणारही नाही, पण यापुढे माझ्या प्रत्येक फोटोत तो मागे दिसेल, मुद्दाम, तुला दिसावा म्हणून. तो तुला हवा असेल तर बोली लावायची नाही, मागायचा. संक्रांतीला ये, जयपूरमार्गे नको, सरळ नागपूरवरून ये. दारात उभा राहा, तोंड दाखव, आणि टीनासमोर, शेजाऱ्यांसमोर मोठ्याने म्हण, "बाई, मले गुंड दे." मी देईन. आणि आईची लेक आहे मी, रिकामा देणार नाही.

तुझीच,
बोलीची पक्की,
बाई