ठोंब्या बाहेर गेलाय

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आपल्या वयात अवचित काही आलं की आधी छातीत धस्स होतं, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे नवीन काही झालेलं नाही.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं ग्रुपवर वाचलं. अख्खं कॉलेज पायाला चाकं लावल्यासारखी भिरभिरणारी तू, आणि आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतेस, हे डोळ्यांसमोर येईना. व्यायाम चुकवू नकोस. ग्रुपवर जो तो तुला तेल सुचवतोय, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. जन्मभर गुराढोरांना औषधं दिली सगळ्यांनी, आता माणसांवर हात साफ करताहेत.

फोनच करणार होते. पण फोनवर तू विचारतेस, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." मग आपण हवापाण्याचं बोलतो. तुझी चूक नाही. माझ्याकडेच सांगण्यासारखं काही नसतं. मी उठते, चहा करते, अजूनही दोघांचं म्हणून दोन कप पाणी ठेवते, एक कप ओतून टाकते. लेक रोज येते, डबा आणते, शेजारी बसून राहते. "आई, मोकळी हो ना जरा," म्हणते. मोकळी म्हणजे काय व्हायचं ते मला कळत नाही. जनावराला भूल दिल्यावर आपण सुई टोचून बघायचो ना, कातडी हलते का, तशी मी अधूनमधून स्वतःला टोचून बघते. ठोंब्याचे बूट बघते. त्याचा शर्ट हातात घेते. कातडी हलत नाही.

तो गेला तेव्हा तू येऊ शकली नाहीस, म्हणून तुला नीट माहीतही नसेल कसं झालं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा कान ठणकत होता. ठोंब्या निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण शेजारी काही ऐकत नाहीत, आणि त्यालाही तेच हवं असायचं. जिन्यात बसून कान बघत होता. मालकाला म्हणाला, "बॅटरी जरा वर धरा." मग म्हणाला, "थांबा, मी जरा टेकतो." भिंतीला टेकला, तो टेकलाच. शेजारी सांगत होते, कुत्रं कितीतरी वेळ मान वाकडी करून, कान पुढे करून तसंच उभं होतं. मला हाक मारली तेव्हा मी भाजी चिरत होते. गॅस बंद करून गेले. गॅस बंद केला हे अजून पक्कं आठवतं, बाकीचं पुसट आहे.

आता टपालचं सांगते. गेल्या हिवाळ्यातल्या बॅचच्या मेळाव्यात तूही होतीसच. सगळे आधी खुर्ची कुठे आणि बाथरूम कुठे ते विचारत होते. टपाल मात्र पूर्वीसारखाच सगळ्यांच्या गळ्यात पडत होता. होस्टेलची पत्रं गेटवरून खोल्याखोल्यांत पोचवायचा म्हणून टपाल, आणि पुढेही जन्मभर त्यानंच आपल्याला एकमेकांशी बांधून ठेवलं. कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणं, सगळं याच्याकडून कळायचं. त्या दिवशी त्यानं तुला विचारलं, "वहिनी, तुम्ही आमच्यापैकी कुणाच्या?" सगळे खो-खो हसले. तूही हसलीस. ठोंब्या हसला नाही. घरी येताना गाडीत म्हणाला, "टपालचं काहीतरी बिनसलंय गं." होस्टेलवर दोघं एकाच खोलीत होते, त्याला बरोबर कळलं.

ठोंब्या गेला त्याच संध्याकाळी टपालचा फोन आला. "ठोंब्याला दे." मी म्हटलं, "अरे, गेला तो." हंबरडा फोडला त्यानं. त्याच्या सुनेनं फोन काढून घेतला. थोड्या वेळानं परत फोन, "ठोंब्याला दे." पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच हंबरडा, जसा काही पहिल्यांदाच ऐकतोय. सून बिचारी रडकुंडीला आली होती. "काकू, यांच्या डोक्यात काही राहतच नाही हो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. मग मला त्याचं रडणं ऐकवेना. माझ्या डोळ्यांत टिपूस नाही आणि हा माणूस माझ्या नवऱ्यासाठी दिवसातून कितीदा रडतोय! पुढच्या वेळी त्यानं विचारलं तसं तोंडातून निघून गेलं, "ठोंब्या बाहेर गेलाय."

"कुठे?"

"गाय अडलीय एकाकडे."

"हात्तिच्या! मग लागेल वेळ. आल्यावर सांग मी केला होता म्हणून."

इतका सुटल्यासारखा वाटला त्याचा आवाज! मग रोजचंच झालं. कधी घोड्याचं पोट फुगलेलं असायचं, कधी व्यालेल्या म्हशीची वार अडकलेली. मी सगळी नोकरी प्रयोगशाळेत काचपट्ट्या बघण्यात काढलेली, मला गोठ्यातलं काय कळणार? पण ठोंब्या जेवताना जे जे सांगायचा, ज्यावरून मी त्याला "जेवू दे की मला" म्हणून ओरडायचे, ते सगळं कुठेतरी साठलेलं होतं. मी म्हणायचे, "वासराचा पाय मागे दुमडलाय म्हणे." टपाल लगेच, "त्याला म्हणावं ओढू नकोस, आधी आत ढकल आणि पाय सरळ कर." मी म्हणायचे, "सांगते." कसा रुबाबात बोलायचा! आणि तेवढा वेळ, भिंगरी, ठोंब्या खरंच बाहेर असायचा. कोपरापर्यंत माखलेला, उशिरा घरी येणारा.

एकदा लेकीनं ऐकलं. दारातच उभी राहिली. "आई, बाबा कुठे गेलेत म्हणालीस?" मला वेड लागलं असंच वाटलं तिला. समजावून सांगितलं तर माझ्या शेजारी बसली आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

टपालचे फोन आता कुणी उचलत नाही. तूही नाही उचलत, मला ठाऊक आहे. कुणाला दोष देत नाही. तेच तेच ऐकायचं, आणि ऐकताना आपलाही नंबर लागेल की काय ही भीती. मला त्याचा फोन हवा असायचा, एवढाच फरक.

गेल्या आठवड्यात असाच फोन आला. तुझी चौकशी केली, हवेचं बोलला, होस्टेलच्या पातळ डाळीला शिव्या घातल्या. ठोंब्याचं नावच काढेना. मी वाट बघितली. शेवटी आपणहून म्हटलं, "ठोंब्या बाहेर गेलाय रे."

"कोण?"

"ठोंब्या. माझा नवरा."

आणि असा आनंदला, "अगं, तू लग्न केलंस? आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस! अभिनंदन! चांगला आहे ना?"

मी म्हटलं, "हो. चांगला आहे."

"मग झालं तर," म्हणाला, आणि ठेवला फोन. त्यानंतरही रोज येतो. ठोंब्याचं नाव निघत नाही. मीही काढत नाही.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, त्यासाठीच हे लिहायला बसले. मी आपल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आले. पहिल्या वर्षाचा ठोंब्या मी पाहिलेलाच नाही. त्याला कधी विचारलंही नाही, जन्मभर हाताशीच होता म्हणून. ते वर्ष टपालकडे होतं, ते गेलं. आता तुझ्याकडे आहे. उद्यापासून मला फोन कर. मी कशी आहे ते विचारू नकोस. तो वर्गात कुठे बसायचा, पहिल्यांदा काय बोलला, कुणाला घाबरायचा, ते सांग. आठवत नसेल तर आठवेल तेवढंच सांग. अगदी काहीच आठवलं नाही तर रचून सांग, मला चालेल.

तुझीच,
मास्तरीण