अचानक भेटींचं वेळापत्रक

३ ऑक्टोबर
आमच्या चॉकलेट कंपनीने मला बालमजुरी निर्मूलन अधिकारी केलं! साहेब म्हणाले, ज्या कोकोच्या बागेत पोर राबताना दिसेल तिथली खरेदी बंद. मी म्हटलं, महिनाअखेर एक पोर दिसलं तर नाव बदलेन. संकल्प: अचानक भेटी. कुणाचीही गय नाही. बायको म्हणाली, आधी स्वतःच्या लेकीच्या शाळेत एकदा अचानक जाऊन या. तिला मिशन वगैरे कळत नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळी
पहिली अचानक भेट. कालच फोन करून ठेवला होता, नाहीतर बागवाला घरी नसायचा आणि फुकट हेलपाटा. एकही मूल नाही! दोरीवर इवलेसे शर्ट वाळत होते. बागवाला म्हणाला, धुऊन आटले. असेल. माझेही आटतात.

९ ऑक्टोबर
नदीपलीकडची बाग. चिटपाखरू नाही. अर्धवट फोडलेल्या शेंगांचा ढीग, शेजारी टाकलेले कोयते. फोडणारे कुठे गेले, विचारायचं राहिलं. फवारणीच्या औषधांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. बागवाला म्हणाला, शेळी आहे. खोलीला कुलूप, किल्ली त्याच्या बायकोकडे, बायको बाजारात. ड्रायव्हरकाका कानाशी लागले, कुलूप तोडायला सांगा. मी म्हटलं, काका, तुम्ही गाडी बघा. संशय घेतला की संबंध बिघडतात.

१२ ऑक्टोबर
काकांचं एकच टुमणं, न कळवता जाऊ या. असला आगाऊपणा आपल्याला जमत नाही. उलट महिनाभराच्या अचानक भेटींचं वेळापत्रकच सगळ्या बागांना पाठवून दिलं. साहेब खूश.
बायकोला सहज विचारलं, शेळी खोकते का गं? खोकते की, म्हणाली. बरं वाटलं. तो खोकला कुणीतरी तोंड दाबल्यासारखा मध्येच थांबला होता, ते तिला सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर
पुन्हा नदीपलीकडे. टायर पंक्चर. सकाळऐवजी भरदुपारी पोचलो, ऊन मी म्हणत होतं. बागवाला घामाघूम, लवकर आटपा म्हणून मागे लागला. मी ओळखलं, हा माझा धाक! मुद्दाम ठाण मांडलं. आणखी एक चहा मागितला. मजुरांतली एक बाई सारखी औषधांच्या खोलीकडे बघत होती. एकदम ओरडत धावली आणि कोयत्याने कुलूप तोडलं.
आत पोरं. सकाळपासून, माझ्या वेळापत्रकाप्रमाणे. औषधांचा भपका. बाकीची धडपडत बाहेर आली, त्या बाईची लेक उठेना. काकांनी तिला उचलून गाडीत घातलं. मी चहाचा कप धरून बसूनच होतो.

२१ ऑक्टोबर
दवाखान्यात जाऊन आलो. पोरगी अजून शुद्धीवर नाही. माझ्या लेकीएवढीच असेल. फार लाज वाटली. माफी मागायचं ठरवूनच गेलो होतो. तिची आई रडली नाही, भांडलीही नाही. हळूच म्हणाली, साहेब, पुढची अचानक भेट कधी, तेवढं आधी सांगून ठेवा. धाकट्याला या वेळी रानात लपायला पाठवते.
मी तारीख सांगून आलो.