विहीणबाईंच्या टीव्हीतलं स्वच्छ चित्र

विहीणबाईंना,

नमस्कार. तुम्ही वयाने मोठ्या (कुणाला सांगत नाही, ते असो), म्हणून वाकून. गुडघे कसे आहेत? माझे उत्तम आहेत, मुद्दाम कळवते.

आपली नात महिनाभर दर रविवारी तुमच्याकडे येते, स्वतः बनवलेली डबी तुमच्या गच्चीवरच्या डिशच्या छत्रीला लावते, आणि तुमच्या टीव्हीत माणसाच्या मिशीचा केस न् केस दिसतो, असं सूनबाईने मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी विचारलंही नव्हतं. आमच्या टीव्हीत अजून मुंग्याच मुंग्या. मला काही वाटत नाही.

त्या डबीतलं मला तुमच्याहून जास्त कळतं. कंपनीत नात अशाच डब्यांची आखणी करते, पण ही डबी माझ्या जेवणाच्या टेबलावर जन्मली. वरून येणारा सिग्नल अगदीच मरतुकडा. डबीने तो मोठा करायचा, पण स्वतःची खरखर मध्ये घालायची नाही (हे आपल्या दोघींनाही कधी जमलेलं नाही). शिवाय खालपासून वरपर्यंत सगळी चॅनेलं सारखीच स्वच्छ यायला हवीत. खालची नीट केली की वरची रुसतात, वरची समजवावीत तर खालची. "दोन आज्या सांभाळण्यासारखं आहे गं," म्हणाली. मी म्हटलं, "मग एक कमी कर." तिने केली, पण चुकीची.

तुमच्याकडे तिला निवांत वाटतं म्हणे. वाटणारच, तुमच्याकडे धूळसुद्धा निवांत असते. म्हणून सोबत एक फडकं पाठवते आहे. ती चहाला उठली की तिचं टेबल खसाखसा पुसत जा. पोरीला बरं वाटेल.

घरच्यांना आशीर्वाद. तुमचा नमस्कार वर झालाच आहे.

ता. क. फडकं वापरू नका. डबीत तांब्याच्या पत्र्याचे तिळाएवढे तुकडे असतात. चित्र जमेपर्यंत ती ते काडीने इकडेतिकडे सरकवते, मग चिकटवते. तीन आठवड्यांनी जमले होते. चिकटवायच्या आधी ती चहाला उठली, आणि मी उघड्या डबीतले ते तुकडे कचरा समजून पुसले. ओरडली असती तर बरं होतं. डबी उचलली आणि तुमच्याकडे आली. वरचं रागाने लिहिलंय, पण कागद एकच होता.

दुसरा ता. क. फडक्याच्या गाठीत नऊ तुकडे आहेत, केर चाळून काढलेले. उपयोग नसेल, तरी तिला द्या. आणि सांगा, टेबल तेव्हापासून मी पुसलेलं नाही. आता अगदी तुमच्या घरासारखं झालंय.