साडूपेक्षा दोन बोटं उंच

४ ऑक्टोबर, रविवार
साडूने नवी गाडी घेतली. फोर-व्हील ड्राइव्ह. बटण दाबलं की लागते. सीटसुद्धा गरम होते म्हणे. दाखवायला घरी घेऊन आला. मी म्हटलं, छान आहे. बायको नंतर म्हणाली, एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं, तुम्ही चारदा म्हणालात.

मला हेवा वगैरे अजिबात वाटलेला नाही. माझ्या दारात सासऱ्यांची जुनी फोर-व्हील उभी आहे. कॅनव्हासचं छत, लोखंडी लिव्हर, हात काळे करणारी खरी गाडी. जावई दोन, पण ती दिली मला. याला पसंती म्हणतात. पसंती शोरूममध्ये मिळत नाही.

५ ऑक्टोबर
सासऱ्यांनी संध्याकाळी जाहीर केलं: गुडघ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत त्यांना डोंगरावरच्या तलावापाशी एकदा जायचंय. मोजणी खात्यात असताना त्या तलावाची जागा त्यांनीच मोजली होती, आणि तीही याच गाडीतून हिंडून. तारीख ठरली, २५, रविवार. सगळ्यांनी जायचं.
मी विचारलं, कुणाच्या गाडीत बसणार? म्हणाले, जी नीट वर जाईल तिच्यात.
म्हणजे माझ्याच. फक्त स्पष्ट बोलले नाहीत, साडू समोर होता.

६ ऑक्टोबर
साडू चहाला आला होता. तो आत बसलेला असताना मी बाहेर जाऊन त्याच्या टायरचं माप घेतलं. मी शाळेच्या गणवेशांचं दुकान चालवतो, टेप गळ्यातच असते. त्याची चाकं माझ्यापेक्षा बोटभर उंच निघाली.
हे चालणार नाही.

९ ऑक्टोबर
नवे टायर बसवले. त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच! दुकानात त्या मापाची जोडीच शिल्लक होती, म्हणून मागे लावली. विचार करूनच लावली. डोंगर चढताना साडू माझ्या मागे असणार, त्याला माझी मागचीच चाकं दिसणार. पुढची बघतोय कोण?
बायको म्हणाली, गाडी पुढे वाकून काहीतरी शोधतेय असं वाटतंय. तिला गाड्यांतलं कळत नाही.

११ ऑक्टोबर, सकाळी १०
ट्रायल. मुद्दाम साडूच्या दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर. तो दातांचा डॉक्टर, रविवारीही दुपारपर्यंत बसतो. लिव्हर ओढून फोर-व्हील टाकलं आणि त्याच्या दारातच झोकात वळण घेतलं.
घेतलं म्हणजे घ्यायला लागलो. स्टेअरिंग दगडासारखं जड. पुढची चाकं उड्या मारायला लागली. खालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज. गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. लिव्हर परत ढकलतो तर हलेना.
साडू हातमोजे घातलेलाच बाहेर आला. काय झालं विचारलं. मी म्हटलं, ब्रेक तपासतोय. तो म्हणाला, थोडी रिव्हर्स घ्या, सुटेल. घेतली. खट्ट करून लिव्हर सुटली. मी म्हटलं, तेच करणार होतो.
त्याच्या खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडंच ठेवून खिडकीतून बघत होता.

१२ ऑक्टोबर
निदान झालं. दोष स्टेअरिंगमध्ये. गॅरेजवाल्याकडून स्टेअरिंगचे जॉइंट बदलून घेतले. त्याने विचारलं, डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकलं होतं का? मी म्हटलं, मग काय गादीवर टाकू? म्हणाला, या जुन्या गाड्यांत पुढची-मागची चाकं फिरवणारे दांडे एकमेकांना बांधले जातात, चिखलात चाकं घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून गाडी आवळते.
नाचता येईना अंगण वाकडं. मी ऐकून घेतलं. पुढे आणखी काहीतरी सांगणार होता, पण मला दुकान उघडायचं होतं.

१४ ऑक्टोबर
मैदानातल्या चिखलात नेली. डांबरापेक्षा बरी, पण घट्ट जमीन लागली की पुन्हा तेच. सरळ जातानाही अडखळते. खालून जळकट वास.
निदान क्रमांक दोन: ऑइल. सगळीकडचं बदललं.

१६ ऑक्टोबर
ऑइल नव्हतं. शॉक अॅब्सॉर्बर असावेत. असावेत काय, आहेतच.

१७ ऑक्टोबर
नव्हते.
गाडी एरवी गुणी. साडूची गाडी आली आणि हिला बिघाड सुरू झाला. माझा दृष्ट लागण्यावर विश्वास नाही. पण माणसाची नजर वाईट असू शकते, हे कुणी नाकारू नये.

१८ ऑक्टोबर, रविवार
सगळे बाहेर जेवायला. सासरे येताना साडूच्या गाडीत, पुढे. उतरताना म्हणाले, सीटने पाठ छान शेकली. मेहुणी म्हणाली, मग डोंगरावरही हीच नेऊया. सासरे नुसते हसले.
आता लिहितोच: जळलो. या वहीपुरतं. सीटने शेकते तशी माझी पाठ नाही, पोट शेकत होतं. सासरे त्या हसऱ्या दंतवैद्याच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले, तेव्हा तर मी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन उभा राहिलो. खांदा तयार ठेवून. कुणी धरला नाही.
माझ्याकडे या माणसाची एकच गोष्ट आहे, ती गाडी. तीसुद्धा वर गेली नाही, तर मी कोण? मोठ्या मुलीचा नवरा. बस.

२० ऑक्टोबर
बायको म्हणाली, अहो, भाऊजींना विचारा, कॉलेजात असताना ते मोडक्या गाड्या दुरुस्त करायचे. मी म्हटलं, गाडी भंगारात घालेन पण त्याला हात लावू देणार नाही. मी कुणाच्या उपकारात राहणारा नाही, हा माझा अंतिम निर्णय.
तिने फोन केला होता आधीच.

२१ ऑक्टोबर, सायंकाळी
साडू आला. जुना शर्ट घालून, स्वतःची चटई घेऊन. चटईवर आडवा होऊन गाडीखाली गेला, बराच वेळ तिथंच. बायकोने त्याला दोनदा चहा विचारला. मला एकदाही नाही.
बाहेर येऊन म्हणाला, साडूभाऊ, खडू आहे? माझ्याकडे नसणार तर कुणाकडे? कापडावर खुणा करायची वडी दिली. त्याने पुढच्या चाकाला अगदी खाली एक रेघ मारली, मागच्यालाही खाली एक. मग आम्ही गाडी ढकलली. हळूहळू, सरळ. पुढची रेघ पूर्ण फेरा मारून पुन्हा जमिनीला लागली. मागची अजून खाली पोचायची होती.
आणखी थोडं ढकललं. अंतर वाढलं.
तो म्हणाला, मागची चाकं मोठी आहेत. फोर-व्हील टाकलं की चारही चाकांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. मोठ्या चाकाचा फेरा लांब, लहानाचा आखूड. मग दोघं भांडतात आणि मधला गिअर चिरडतो. एकाच मापाची चार लावा, काही होणार नाही. आणि चिखल असेल तिथंच फोर-व्हील टाका.
मग त्याने विचारलं, दोनच मोठी कुणी लावली? मी म्हटलं, टायरवाल्याने.
त्याने फक्त माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर
जुने टायर परत लावायचं ठरलं. बायकोने त्यांत माती भरून मिरचीची रोपं लावली होती. रोपं बादलीत गेली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, रोपांशी बोलली.

२४ ऑक्टोबर
मैदानात नेली. लोण्यासारखी! वळते, चढते, लिव्हर एका बोटाने सुटते. तशी दुरुस्ती मीच केली म्हणायला हरकत नाही, खडू माझा होता.
उद्याचा बेत: सर्वांत पुढे मी. शेजारी सासरे. मागे बटणवाला. चढावर एकदाही मागे वळून बघायचं नाही, आरशातून बघायचं.

२५ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ४
पायथ्याला सासरे आपणहून माझ्या गाडीत बसले. मी साडूच्या तोंडाकडे बघितलं. हसत होता, पण आतून जळत असणार. मला ओळखता येतं ते.
चिखल आला. फोर-व्हील टाकलं. गाडी अशी चढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे दाखवत होते, इथं तंबू होता, इथं साहेब घसरला होता. मी जिंकलो होतो. हे लिहून ठेवतो, कारण तेवढं खरं आहे.
मग अर्ध्यावर वळण. एका बाजूला दरी. गाडीत दोष काही नव्हता. मी थांबलो, एवढंच. पाय ब्रेकवरून निघेना. सासरे म्हणाले, जावईबापू, पाय उचला. मी म्हटलं, उचलतो. नाही उचलला. मागून साडू चालत आला. सासरे त्याला म्हणाले, तुम्ही बसा इथे.
त्याने नेली. मागून त्याची गाडी मी चालवली. वळण आलं तेव्हा बायको आणि मेहुणी दोघींनी एकदम दारांच्या कड्या धरल्या. बटण दाबलं, ती आपसूक चढली. पूर्ण रस्ताभर समोर माझी गाडी, तिच्या मागच्या खिडकीतून दिसणारा सासऱ्यांचा हात, साडूच्या खांद्यावर. दोघं जोरात हसत होते.
सीट गरम होती. बंद कशी करायची ते कळलं नाही.

२६ ऑक्टोबर, सकाळी
सासरे फिरून येताना रोजच्यासारखे आमच्या फाटकाशी थांबले. बॉनेटवर हात फिरवला. मी धीर करून विचारूनच टाकलं: दोन जावयांतून गाडी मलाच का दिलीत?
म्हणाले, धाकट्या जावयांनी मागितली होती. वर्षभर मागत होते. नाही दिली. त्यांनी दर रविवारी डोंगरात घालून खिळखिळी केली असती. तुमच्याकडे दारात उभी राहील, कुठे जाणार नाही, मला येता-जाता दिसेल, एवढाच हेतू.
मी म्हटलं, म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास होता.
म्हणाले, हो तर. काल वळणावर थांबलात तेव्हा तर खात्रीच पटली.